ऐंशी मिलिसेकंद

कोंडाणे, तालुका कर्जत. पावसाळ्यात गावाबाहेर फारसं पडणं होत नाही, म्हणून ही टिपणं. विषय एकच, टर्मिनल सर्व्हर. रेल्वेच्या आरक्षणापासून कारखान्यातल्या वजनकाट्यापर्यंत या डब्याने आपली कामं केली, अजूनही करतो, आणि त्याच्याबद्दल मराठीत वाचायला जवळजवळ काही नाही. तो होस्टशी नेमकं काय आणि कसं बोलतो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

*

आधी ओळख. डब्याच्या एका अंगाला आठ किंवा सोळा सिरियल पोर्ट, दुसऱ्या अंगाला इथरनेटची एक तार. पोर्टांना टर्मिनल जोडायचं, म्हणजे पडदा आणि कळफलक. प्रिंटर किंवा मोडेमही चालतो. तारेच्या पलीकडे होस्ट. खरा प्रोग्रॅम चालतो तो तिथे, खरी माहिती असते तीही तिथेच. टर्मिनलजवळ स्वतःचं काहीही नसतं. कळ दाबली की अक्षर पाठवायचं आणि आलेलं अक्षर दाखवायचं, एवढंच त्याचं काम.

*

हा डबा येण्यापूर्वी प्रत्येक टर्मिनलची तार थेट संगणकाच्या खोलीत जायची. डिजिटल कंपनीचा व्हॅक्स-११/७८० हा संगणक १९७७ साली आला. त्याला टर्मिनल जोडायला डीझेड-११ नावाचं कार्ड असे, एका कार्डाला आठ तारा. चाळीस टर्मिनल म्हणजे पाच कार्डं आणि भिंतीतून येणाऱ्या चाळीस केबल. खुर्ची दुसऱ्या खोलीत हलवायची म्हटली तरी वायरमनला बोलवायची वेळ.

तारांपेक्षा मोठा खर्च आत व्हायचा. डीझेड-११ वरून अक्षर बाहेर पाठवताना प्रत्येक अक्षरासाठी प्रोसेसरला हातातलं काम थांबवावं लागे. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं, म्हणजे पूर्ण पडदा १९२० अक्षरांचा. एक पडदा भरायला त्या महागड्या यंत्राला १९२० वेळा अडवायचं. ९६०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, तेव्हा ही अडवणूक दोन सेकंद चालायची. अशी चाळीस माणसं एकाच वेळी कामाला बसली की संगणकाचा बराचसा वेळ नुसता अक्षरं हातावेगळी करण्यात जायचा.

टर्मिनल सर्व्हरने हा भार स्वतःच्या अंगावर घेतला. अक्षरं तो गोळा करतो आणि होस्टला गठ्ठ्याने देतो. मला या डब्याची थोरवी इथे वाटते. केबल वाचल्या ही सोय झाली, होस्टचा वेळ वाचला हे खरं काम झालं.

*

आपल्याकडे सामान्य माणसाचा टर्मिनलशी पहिला संबंध आला तो बहुधा रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर. नवी दिल्लीत १९८५ साली सीएमसी या सरकारी कंपनीने बनवलेली इम्प्रेस ही यंत्रणा सुरू झाली, डिजिटलच्या व्हॅक्स संगणकांवर. पुढच्याच वर्षी रेल्वेने संगणकाच्या कामासाठी क्रिस ही स्वतंत्र संस्था काढली. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. क्रिसने लिहिलेल्या कॉन्सर्ट या प्रणालीने ही पाचही केंद्रं १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली, आणि एका गावात उभं राहून दुसऱ्याच गावातून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट काढणं सोपं झालं.

संगणकाआधी रजिस्टरं असायची. ज्या गाडीचं रजिस्टर ज्या खिडकीत, तिथेच रांग लावायची. संगणक आल्यावर कोणत्याही खिडकीवर कोणतीही गाडी मिळू लागली. खिडकीतलं टर्मिनल कोणत्याच गाडीचं नसतं, ते होस्टचं असतं. हा फरक रांगेतल्या माणसाच्या पायांना कळला. सोलापूर-लातूरकडे निघालेल्या, पोरंबाळं घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा तासभर वाचणं ही लहान गोष्ट नव्हे.

*

डब्याला वीज मिळाली की तो काय करतो?

डिजिटलच्या जुन्या डेकसर्व्हर जातीच्या डब्यांना डिस्क नसायची. स्वतःचा प्रोग्रॅमही जवळ नसे, रॉममध्ये जेमतेम मागणी करण्याइतकी अक्कल. चालू होताच तो तारेवर सगळ्यांना उद्देशून संदेश सोडायचा की मला माझा प्रोग्रॅम कोण देईल. या संवादाला एमओपी म्हणत. ज्या होस्टच्या यादीत त्या डब्याचा इथरनेट पत्ता नोंदलेला असेल तो पुढे यायचा आणि तुकड्या-तुकड्यांनी प्रोग्रॅम पाठवायचा. पूर्ण मिळाला की डबा कामाला लागायचा.

वीज जाऊन परत आली म्हणजे एका इमारतीतले सगळे डबे एकाच क्षणी मागणी करायचे. होस्ट स्वतःच अजून उठत असला, तर डबे मागतच राहायचे. अशा वेळी आधी होस्ट, मग डबे, हा क्रम पाळलेला बरा. लोडशेडिंगच्या गावात हे शहाणपण लवकर येतं.

*

होस्ट सापडतो कसा? लॅटमध्ये तो शोधायचाच नसतो. लॅट म्हणजे डिजिटलने ऐंशीच्या दशकात या कामासाठी बनवलेली बोलण्याची रीत. व्हॅक्सच्या जगात टर्मिनल जोडायची तीच रुळलेली वाट होती. इथे होस्ट स्वतः सांगतो. ठरलेल्या वेळाने, सहसा दर साठ सेकंदांनी, तो एक घोषणा तारेवर टाकतो: माझं नाव हे, माझ्याकडे या या सेवा, आणि प्रत्येक सेवेचा दर्जा इतका. ही घोषणा एका व्यक्तीच्या पत्त्यावर जात नाही, समूहाच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता ०९-००-२बी-००-००-०एफ. तारेवरचे सगळे टर्मिनल सर्व्हर हा पत्ता ऐकत असतात आणि आपापली यादी भरत असतात.

माणूस टर्मिनलवर ‘कनेक्ट’ लिहून सेवेचं नाव देतो, यंत्राचं नाव देत नाही. हे बारकाईने पाहावं. एकच सेवा तीन होस्ट देत असतील तर डबा तिघांचे दर्जे पाहतो. दर्जा शून्य ते २५५. ज्याचा अधिक, म्हणजे जो मोकळा, त्याच्याकडे नव्या माणसाला पाठवतो. होस्ट आपली कामाची गर्दी पाहून दर्जा स्वतःच वरखाली करतो. एक होस्ट मेला तर तीच सेवा देणारा दुसरा डब्याच्या यादीत तयारच असतो. चालू काम तुटतं, ते नव्याने सुरू करावं लागतं. पण माणसाला नवं नाव पाठ करावं लागत नाही.

गटांचीही सोय होती. होस्टच्या घोषणेत गटांचे क्रमांक असत, पोर्टालाही गट दिलेले असत. गट जुळला तर सेवा दिसणार, नाहीतर त्या माणसाच्या लेखी ती सेवा अस्तित्वातच नाही. हिशेब खात्याच्या टर्मिनलला भांडाराची यादी दिसू नये, यासाठी पुरेसं. चोराला अडवायला मात्र हे कुंपण अगदीच तोकडं.

*

आता ऐंशी मिलिसेकंद. हे टिपण लांबणार.

डबा आणि होस्ट यांच्यात लॅट एकच मार्ग उघडतो. त्याला व्हर्च्युअल सर्किट म्हणतात. डब्याच्या आठही पोर्टांवरची माणसं त्याच होस्टवर काम करत असतील तरी मार्ग एकच. आठ संभाषणं त्याच्या पोटात वेगवेगळ्या कप्प्यांत बसतात. आणि डबा अक्षर आलं की लगेच धाडत नाही. त्याच्याकडे एक घड्याळ असतं, सहसा ऐंशी मिलिसेकंदांवर लावलेलं. तेवढ्यात आठ पोर्टांवर जी काही अक्षरं जमली ती एका फ्रेममध्ये भरायची आणि पाठवायची. होस्ट त्या फ्रेमच्या उत्तरात आपल्याकडचं सगळ्यांचं देणं एकत्र धाडतो. पुढाकार डब्याचा, होस्ट सहसा उत्तर देणारा.

ऐंशीच का? आपल्याकडे सरकारी टायपिंग परीक्षेच्या एका पातळीला इंग्रजीचा वेग मिनिटाला ४० शब्द लागतो. शब्दामागे पाच अक्षरं धरली तर मिनिटाला २००, म्हणजे दोन अक्षरांमध्ये सरासरी ३०० मिलिसेकंद. दुसऱ्या बाजूने, कळ दाबल्यावर अक्षर दिसेपर्यंत दहावा हिस्सा सेकंद गेला तरी माणसाला ते एकाच क्षणी झाल्यासारखं वाटतं, असं रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालच्या आपल्या निबंधात मांडलं होतं. दहावा हिस्सा म्हणजे १०० मिलिसेकंद. ऐंशी त्याच्या आत बसतात. म्हणजे हाताला जाणवणार नाही इतकंच थांबायचं, आणि त्या थांबण्यात जेवढी अक्षरं मिळतील तेवढी एकत्र करायची. यंत्राच्या रचनेत माणसाच्या बोटांचा वेग असा मोजून घेतलेला मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

हिशेब करून पाहिला. आठ माणसं परीक्षेच्या वेगाने लिहीत आहेत, तर सेकंदाला साधारण २७ अक्षरं. लॅटमध्ये डब्याकडून जास्तीत जास्त साडेबारा फ्रेम, कारण हजाराला ऐंशीने भागलं की तेवढेच येतात. माणसं आठऐवजी सोळा झाली तरी साडेबाराच. टेलनेट या दुसऱ्या रीतीने (तिच्याविषयी पुढे) हेच केलं तर प्रत्येक माणसाचा मार्ग वेगळा आणि प्रत्येक अक्षराची फ्रेम वेगळी: २७ जाणार, होस्टकडून त्यांचे प्रतिध्वनी २७ परत येणार, शिवाय पोचपावत्या. एका बाइटाच्या अक्षराला टीसीपीचं २० आणि आयपीचं २० बाइटांचं वेष्टण, इथरनेटचं निराळं, आणि इथरनेट ६४ बाइटांहून लहान फ्रेम घेतच नाही, म्हणून उरलेली जागा भरताड.

ही उधळपट्टी पाहून जॉन नेगल यांनी १९८४ साली एक नियम सुचवला, तो इंटरनेटच्या आरएफसी ८९६ या टिपणात आहे. आधी धाडलेल्याची पोच आली नसेल तर नवी किरकोळ अक्षरं अडवून धरायची. पोच आली किंवा पुरेसा माल जमला की सोडायची. लॅट आणि नेगल यांच्यातला फरक कर्जत स्टेशनाबाहेर उभं राहिलं की कळतो. एस.टी. वेळ झाली की सुटते, तीन माणसं असोत की तीस. शेअर रिक्षा भरली की सुटते, नाहीतर आधी गेलेली रिक्षा परत आलेली दिसली की सुटते. एस.टी.ने जाणाऱ्याला किती उशीर होणार ते आधी ठाऊक असतं. रिक्षाचा उशीर रस्त्यावर अवलंबून. जवळच्या जवळ रिक्षा बरी पडते. लांबच्या, अडखळत्या रस्त्यावर अक्षरं थबकून थबकून येऊ लागतात, आणि लिहिणाऱ्याचा हात बिचकतो.

*

होस्टला एकदम फार माल दिला तर? लॅटमध्ये प्रत्येक संभाषणाला क्रेडिट असतात. समोरच्याने जितकी क्रेडिट दिली तितकेच कप्पे भरून पाठवता येतात. संपली की थांबायचं, नवी मिळेपर्यंत. एका टर्मिनलवर कोणी मोठी यादी छापायला लावली म्हणून शेजारच्या सात जणांचं काम अडत नाही. मार्ग एक असूनही प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवला, हे मला न्यायाचं वाटतं.

*

टर्मिनलवर आपण जे अक्षर पाहतो ते कळफलकाकडून पडद्याकडे आलेलं नसतं. कळ दाबली, अक्षर डब्यात गेलं, डब्यातून होस्टकडे, होस्टने ते वाचलं, ठेवलं आणि परत पाठवलं. मग ते पडद्यावर उमटलं. पासवर्ड लिहिताना काही दिसत नाही, कारण होस्ट तेवढ्यापुरता परत पाठवायचं थांबवतो.

म्हणून जुने ऑपरेटर पडद्याकडे पाहून होस्टची तब्येत सांगायचे. अक्षर उशिरा उमटतंय म्हणजे तिकडे गर्दी आहे. अजिबात उमटत नाही म्हणजे मार्ग तुटला. तपासायला दुसरं काही लागायचं नाही.

*

कोणी काहीच लिहीत नसलं तर डबा आणि होस्ट एकमेकांना विसरत नाहीत. सहसा वीस सेकंद शांतता झाली की डबा एक रिकामा संदेश पाठवून होस्ट जिवंत असल्याची खात्री करतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवतो. आठ वेळा पाठवूनही उत्तर नाही, तर मार्ग बंद झाल्याचं जाहीर करतो आणि त्यावरची सगळी संभाषणं संपवतो.

*

प्रिंटरचा मामला उलटा. टर्मिनलवरून माणूस होस्टला हाक मारतो, पण प्रिंटर कोणाला हाक मारणार? तेव्हा होस्ट डब्याला विनंती करतो की अमुक पोर्ट मला हवा. पोर्ट मोकळा असेल तर डबा मार्ग उघडून देतो. दुसऱ्या होस्टचं छापणं चालू असेल तर विनंती रांगेत लावतो आणि पाळी आली की बोलावतो. एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तीन होस्टांना पुरवता येतो तो या रांगेमुळे.

प्रिंटरची स्वतःची एक जुनी खूण आहे. कागद सरकवताना त्याची आतली जागा भरली की तो डब्याकडे एक्सऑफ हे अक्षर पाठवतो, आस्की क्रमांक १९. डबा थांबतो. जागा झाली की एक्सऑन, क्रमांक १७, आणि पुन्हा सुरू. कधी हे १७ गडबडीत हरवतं आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतात. प्रिंटर बिघडला म्हणून तक्रार येते. पोर्ट एकदा बंद करून उघडला की कागद चालू लागतो.

*

लॅटची मर्यादा नावातच आहे, तो लोकल. त्याच्या फ्रेममध्ये इथरनेटचा पत्ता असतो, पण त्याच्या वरचा, जाळ्या-जाळ्यांमधून वाट काढणारा पत्ताच नसतो. राउटरला ती फ्रेम कुठे पाठवायची ते कळत नाही. एका तारेवर, किंवा ब्रिजने जोडलेल्या तारांवर, त्याचं राज्य. जाड इथरनेटची एक तार ५०० मीटर, रिपीटर लावत लावत एकूण अडीच किलोमीटरच्या आसपास. आमच्या गावातून कोंडाणे लेण्यांकडे निघालं तर एका तारेच्या लांबीत चढही लागत नाही.

कर्जत ते मुंबई सीएसएमटी, लोहमार्गाने शंभर किलोमीटर. तिथला होस्ट आणि इथली खिडकी यांना एका तारेवर बसवणं शक्यच नव्हतं. लांबच्या ठिकाणांसाठी रेल्वेने भाड्याच्या टेलिफोन लाइन, मोडेम आणि मल्टिप्लेक्सर वापरले. पुढे राउटर आले, आणि रुळांच्या कडेने फायबर. ते फायबर सांभाळायला रेलटेल ही कंपनी २००० साली निघाली.

काही ठिकाणी, रेल्वेत नव्हे तर इतर कचेऱ्यांत, लोकांनी ब्रिज लावून लॅट लांबच्या लाइनवरून न्यायचा प्रयत्न केला. माझ्या मते ती ओढाताण होती. ज्या रीतीने स्वतःचं गाव ओळखून वेळ ठरवला, तिला दर ऐंशी मिलिसेकंदांनी मंद लाइनवर पळायला लावायचं. लाइन थोडी अडली की आठ प्रयत्न संपायचे आणि सगळे बाहेर.

*

टेलनेटने मोठा पल्ला मारला तो याच कारणाने. १९८३ च्या मे महिन्यात आरएफसी ८५४ आला, टीसीपीवरचा पोर्ट २३. खाली आयपी असल्यामुळे तो कितीही राउटर ओलांडतो. कंपनी कोणतीही चालते: टर्मिनल सर्व्हर एकाचा, होस्ट दुसऱ्याचा, मधली जाळी तिसऱ्याची.

टेलनेटचा सुरुवातीचा संवाद ऐकण्यासारखा असतो. दोन्ही बाजू आधी बोली करतात. मी हे करीन. मी हे करणार नाही. तू हे कर. तू हे करू नकोस. प्रतिध्वनी कोण देणार, टर्मिनल कोणत्या जातीचं, पडदा किती ओळींचा, सगळं या चार वाक्यांत ठरतं. एकाला एखादी गोष्ट येत नसेल तर तो नकार देतो आणि काम साध्या रीतीने चालू राहतं. नकार मिळाला म्हणून संभाषण तुटत नाही. अनोळखी यंत्रांना एकत्र कामाला लावायचं तर याहून समंजस सुरुवात मला ठाऊक नाही.

*

१५ ऑगस्ट १९९५. व्हीएसएनएलने मुंबईसह काही मोठ्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. पैसेवाल्यांना ग्राफिक्सचं खातं, विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल खातं. शेल खातं म्हणजे निव्वळ अक्षरं. घरच्या संगणकाने मोडेमवरून नंबर फिरवायचा. पलीकडे मोडेमांची रांग, त्यांच्या मागे टर्मिनल सर्व्हर, त्याच्या मागे युनिक्स होस्ट. मोडेमाने फोन उचलला की टर्मिनल सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारायचा आणि आपल्याला होस्टवर सोडायचा. मग पाइनमध्ये टपाल, लिंक्समध्ये पानं.

त्या काळच्या मुंबईच्या ईमेल पत्त्यात @ च्या पुढे जीआयएएसबीएम०१ असं यायचं, पुण्याच्या पत्त्यात जीआयएएसपीएन०१. ते होस्टचं नाव होतं. पोरं आपल्या होस्टचं नाव लग्नपत्रिकेवरच्या पत्त्यासारखं वहीवर लिहून ठेवायची, आणि त्यांतल्या कित्येकांना होस्ट म्हणजे काय ते कळलं ते त्या पत्त्यातूनच.

कर्जतहून हे करायचं तर मुंबईला एसटीडी लावावा लागे. टर्मिनल सर्व्हर जिथे आहे तिथपर्यंत पोचण्याचं भाडं माणसाने भरायचं, त्याच्या पुढची वाट स्वस्त. गाव आणि शहर यांतलं अंतर तेव्हा मिनिटाच्या दराने मोजलं जायचं.

*

लॅट काय, टेलनेट काय, दोघांचीही अक्षरं उघडी जातात. जुनं इथरनेट सगळ्यांच्या सामाईक तारेचं. तारेवरच्या कोणत्याही यंत्राने कान दिला तर शेजाऱ्याचा पासवर्ड ऐकू येई. हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठात १९९५ साली पासवर्ड चोरीचा प्रकार झाला आणि त्यातून तातू उलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. काम तेच, टर्मिनल आणि होस्टचं बोलणं. फक्त मधल्याला कळू नये अशा रीतीने. आज टेलनेट उघडं ठेवलेला होस्ट दिसला तर मी तो आधी बंद करायला सांगतो, बाकीचं नंतर.

*

३ ऑगस्ट २००२ पासून आयआरसीटीसीचं तिकीट घरबसल्या निघू लागलं. आता खिडकीऐवजी खिशातला फोन. आमच्या दरीत सिग्नल धड मिळत नाही, राजमाचीच्या बाजूला तर नाहीच. तरी लोक नदीकाठच्या ठरलेल्या जागेवर जाऊन तिकीट काढतात. कर्जतची खिडकी अजून आहे आणि असावी असं मला वाटतं. वाडीवरच्या म्हाताऱ्या बाईला फॉर्म भरून देणारा कोणी भेटतो, फोनचं तसं नाही.

२०२५ साली रेल्वेने सांगितलं की सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली, इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवर चालणारी आहे, मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटं देते, आणि तिच्या जागी चौपट ताकदीची नवी यंत्रणा येते आहे. ओपनव्हीएमएस म्हणजे त्या व्हॅक्सवरच्या व्हीएमएसचाच वंश. इम्प्रेसपासून धरलं तर चाळीस वर्षं. इतकी वर्षं या देशाची झोपायची जागा ज्या घराण्याने सांभाळली, त्याची नोंद इतिहासाच्या पुस्तकात नीट व्हायला हवी.

*

खोपोलीच्या एका कारखान्यात काम करणारा गावातला मुलगा परवा वजनकाट्याचा प्रश्न घेऊन आला.

“काका, आता टर्मिनल सर्व्हर कुठे राहिलेत? तुम्ही अजून त्याचंच लिहिताय.”

“तुमच्या काट्यावर निळा डबा आहे ना, एका बाजूला नऊ पिनांचा पोर्ट?”

“तो होय? त्याला आम्ही कन्व्हर्टर म्हणतो.”

“तोच.”

काट्याचा इंडिकेटर वजनाचे आकडे सिरियल पोर्टवर सतत ओकत असतो. डबा ते घेऊन लॅनवरून ऑफिसातल्या संगणकाकडे पाठवतो. टर्मिनल गेलं, त्याच्या जागी काटा आला. मधलं काम जसंच्या तसं. काही डबे उलट्या दिशेनेही चालतात, संगणक टीसीपीने डब्याचा पोर्ट उघडतो, आणि बॉड रेट, पॅरिटी यांसारख्या गोष्टी लांबूनच ठरवता याव्यात म्हणून १९९७ साली आरएफसी २२१७ आला. डेटा सेंटरांतही हाच डबा कन्सोल सर्व्हर म्हणून आहे. नेटवर्क बंद पडलं की राउटरला जागं करायला शेवटी सिरियल पोर्टच उपयोगी पडतो.

मुलाचा प्रश्न असा: ट्रक काट्यावर उभा असताना वजन मधूनच अर्धं दिसतं. १८,४६० किलोच्या जागी कधी १८४, कधी ६०. पावती चुकली की ड्रायव्हर आणि गेटवरचा माणूस यांच्यात वाद.

“काटा खराब आहे म्हणतात, काका. कंपनीला बोलावलंय.”

“इंडिकेटरच्या पडद्यावर आकडा स्थिर आहे का?”

“तिथे बरोबर दिसतो.”

मग काट्याला दोष देण्यात अर्थ नाही. डबा अक्षरं जमवून पाठवतो, पण कुठे तोडायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या मनाला येईल तिथे तो पॅकेट तोडतो, आणि संगणकावरचा प्रोग्रॅम एका पॅकेटाला एक वजन समजतो. दोन्ही बाजूंची चूक, पण प्रोग्रॅम लिहिणारा आता सापडणार नाही, तेव्हा डब्याकडे वळायचं.

त्याला लिहून दिलं ते इथेही ठेवतो. इंडिकेटरची पुस्तिका पाहायची, वजनाच्या शेवटी कोणतं अक्षर येतं ते शोधायचं. बहुतेक वेळा आस्की १३. डब्याच्या सेटिंगमध्ये ते अक्षर पॅकेट संपल्याची खूण म्हणून भरायचं. ठरावीक वेळाने तोडायची सेटिंग शून्य करायची, म्हणजे बंद. मग एक रिकामा आणि एक भरलेला ट्रक काट्यावर घेऊन, पावती आणि इंडिकेटर दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं. दोन्ही जुळले तरच कंपनीला नको म्हणून कळवायचं.